परक्या लेकराला जवळ केलं तर आपलं दुःख हलकं होतं का?

परभणीच्या एका ताईंनी विचारलं आहे: ‘एकुलता मुलगा जाऊन दोन वर्षं झाली. शेजारी खोली करून राहणारा एक विद्यार्थी फार खचलेला दिसतो. जेवत नाही, रात्र रात्र जागा असतो. त्याला आधार द्यावासा वाटतो. मिस्टर म्हणतात, परक्याच्या लेकरात जीव अडकवून आपलं दुःख कमी होणार आहे का? काय करू?’

ताई, तुमचा प्रश्न मी काल दुपारी वाचला आणि रात्रभर तोच डोक्यात होता. आमच्या घरात जे घडलं ते तुम्हाला सांगते. सल्ला कमी आणि हकीकत जास्त होईल, पण मला दुसऱ्या पद्धतीनं सांगता येणार नाही.

आम्ही लातूरचे. आमचे हे जिल्हा परिषदेचे शिक्षक, आता रिटायर. मी क्लासेसच्या पोरांना डबे द्यायचे. आमचा मुलगा 24 वर्षांचा होता, औषधांच्या कंपनीत एमआर. 2 फेब्रुवारी 2021 च्या रात्री बार्शीचा दौरा करून मोटरसायकलवर येत होता. मुरूडच्या पुढं रस्त्याच्या कडेला उसाची ट्रॉली पंक्चर होऊन उभी होती. मागं ना दिवा, ना रेडियम. त्याला ती दिसलीच नाही.

त्या रात्री आठ वाजता मी त्याला फोन केला होता, ‘भाकरी गार व्हायली, ये लवकर.’ आणि गाडी यांनी घेऊन दिली होती, त्याच्या वाढदिवसाला. आम्हा दोघांच्या मनात काय चाललंय ते दोघांनाही ठाऊक होतं, पण तोंडावर कुणी आणलं नाही. जवळपास तीन वर्षं आम्ही ‘चहा ठेवू का’, ‘लाईट बिल भरलं का’ एवढंच बोलत होतो. मी डबे बंद केले. वरची खोली कुलूप लावून ठेवली. लोक म्हणायचे, दुसऱ्याला मदत करा, मन रमेल. मला त्या वाक्याचा राग यायचा. मन रमवायला काय झालं होतं, लेकरू गेलं होतं माझं.

2023 च्या डिसेंबरात एका रात्री साडेदहाला गेट वाजलं. एक पोरगा उभा. ‘मावशी, डबा मिळेल का?’ गेटवरची ‘घरगुती डबा मिळेल’ ही पाटी आम्ही काढलीच नव्हती, पार गंजली होती. मी नाही म्हणणार होते. पण पोरगा दाराच्या कडीला धरून उभा होता आणि त्याची बोटं थरथरत होती. मी दोन भाकरी, वरण आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. सकाळी डबा घासून परत आला. आत कागदात गुंडाळलेले वीस रुपये होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी न सांगताच यांनी गेटची कडी काढून ठेवली.

पोरगा धारूर तालुक्यातला, बालाघाटातल्या गावचा, एकोणीस वर्षांचा. नीटची, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेची, रिपीटर बॅच. दहावीला 94 टक्के होते. इथं दर आठवड्याच्या टेस्टमध्ये खाली खाली चालला होता. मेसचे पैसे थकले म्हणून मेस बंद. लातूरमध्ये राहणाऱ्याला ही गोष्ट नवी नाही, दर गल्लीत असं एखादं लेकरू असतं. आम्ही त्यांना डबा विकतो, खोली भाड्यानं देतो आणि तोंडाकडं बघत नाही. मीपण बारा वर्षं डबे विकले. एकाही पोराला ‘झोप येते का रे’ म्हणून विचारलं नव्हतं.

आठवड्यानं तो दोन दिवस आलाच नाही. हे त्याच्या खोलीवर गेले. तो अंधारात भिंतीला टेकून बसला होता. म्हणाला, ‘सर, मला गावाकडं जायचं नाही आणि इथंबी राहायचं नाही.’ यांनी एकतीस वर्षं मुलांना शिकवलंय. त्यांनी सरळ विचारलं, ‘जीव द्यायचा विचार येतोय का?’ पोरगा रडायला लागला.

ताई, हे नीट वाचा. असं विचारलं तर ते त्याच्या डोक्यात घातल्यासारखं होईल, ही भीती सगळ्यांना असते. तसं होत नाही, हे मला पुढं डॉक्टरांनीही सांगितलं. विचारलं की माणूस सुटतो, त्याला पहिल्यांदा कुणाजवळ तरी बोलता येतं. हे त्याला एकटं न सोडता घरी घेऊन आले आणि आमच्या ओसरीवरून 14416 ला फोन लावला. ही सरकारची टेलि-मानस सेवा. 2022 च्या ऑक्टोबरात सुरू झाली, फुकट आहे, रात्री-बेरात्री कधीही लागते, मराठीत बोलतात. पलीकडच्या बाईंनी पाऊण तास त्याचं ऐकलं. पोरगा मधूनच विचारायचा, ‘पोलीस तर येणार नाहीत ना?’ त्यांनी समजावलं, नाही. मानसिक आरोग्याचा 2017 चा कायदा आहे. ज्यानं जीव द्यायचा प्रयत्न केला तोसुद्धा प्रचंड ताणाखाली होता असंच हा कायदा धरतो, त्याला शिक्षा करायची नाही म्हणतो. इथं तर नुसता विचार होता. सकाळी आम्ही त्याला सरकारी दवाखान्यात मानसोपचाराच्या डॉक्टरांकडं नेलं. गोळ्यांचा गुण यायला दोन-चार आठवडे लागतात, तोवर एकटं ठेवू नका आणि आईबापाला कळवा, असं ते म्हणाले.

आईबापाला कळवायला तो तयार नव्हता. ‘कामाला गेलेत’ एवढंच सांगायचा. शेवटी यांनीच फोन लावला. बाप म्हणाला, ‘सर, म्या फडावर हाय. ऊसतोडीला. उचल फिटल्याबिगर मुकादम सोडत नाही.’ दोघा नवरा-बायकोच्या कोयत्यावर, म्हणजे तोडणीच्या जोडीवर, दीड लाखाची उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेतलेली, ती सगळी क्लासला आणि खोलीला गेली होती.

यांनी फोन खाली ठेवला. बराच वेळ खिडकीतून बाहेर बघत होते. मग मला म्हणाले, ‘ऊस तोडणारे आहेत.’ त्या अपघातानंतर आमच्या घरात उसाचं नाव निघत नव्हतं. संक्रांतीच्या वाणात उसाचा करवा आला तर मी बाहेरच ठेवायचे. मला वाटलं, आता हे त्याला जा म्हणतात. हे उठले आणि वरच्या खोलीचं कुलूप काढलं.

इथं मी एक चूक केली, ती तुम्ही करू नका. थंडी होती म्हणून मी आमच्या मुलाचा निळा स्वेटर त्या पोराला दिला. तो घालून जेवायला खाली आला. हे पहिला घास हातात धरून तसेच उठले आणि अंगणात जाऊन उभे राहिले. पोराला न सांगताच कळलं. सकाळी स्वेटर घडी घालून पायरीवर ठेवलेला होता. पोरगा फार शरमला होता आणि चूक माझी होती. मी त्या लेकरात माझं लेकरू शोधत होते. त्याला आई होती, ती शिरोळकडं कुठंतरी फडात मोळ्या बांधत होती. त्या दिवसापासून तो मला मावशी आणि यांना सर म्हणतो. तो आमचा मुलगा नाही. हे ठरल्यावर आम्हा तिघांनाही मोकळं वाटलं.

मग येळवस आली, 11 जानेवारीला. तुमच्या परभणीकडं नसते बहुतेक, आमच्या लातूर-धाराशिवला वेळा अमावस्येला सगळं शहर रानात जातं, सुट्टी असते. औशाजवळ आमचं थोडं रान आहे. मुलगा गेल्यापासून आम्ही येळवशीला गेलो नव्हतो. त्या वर्षी पोरगा म्हणाला, ‘आमच्याकडं असलं काही नसतं, दाखवा की मावशी.’ मी पहाटे चारला उठून भज्जी घातली, तुरीचे-वालाचे दाणे, मेथी, चिंच, बेसन. तीन वर्षांनी आंबील केली. रानात यांनी कडब्याची खोप उभी केली, पांडव मांडले. पोरगा खोपीत वाकून शिरला आणि तिथंच बसून राहिला. म्हणाला, ‘सर, आमच्या आईबापाची कोपी अशीच असते. सहा महिने.’

हे त्याच्याशेजारी जाऊन बसले. तिथं बसून यांनी त्याला आमच्या मुलाची सगळी गोष्ट सांगितली. ट्रॉलीसकट. मी बाहेर आंबिलीचं मडकं धरून ऐकत होते. शेवटी हे म्हणाले, ‘गाडी मी घेऊन दिली होती.’ मी आत गेले आणि म्हणाले, ‘फोन मी केला होता.’ आम्ही दोघं त्या परक्या पोरासमोर खूप रडलो. तो मुकाट्यानं आमच्या पत्रावळ्या झाकून बसला, मुंग्या लागू नयेत म्हणून.

2 फेब्रुवारीला घरात बसवत नाही, असं हेच म्हणाले. आम्ही तिघं एसटीनं सोलापूर, तिथून सांगली असं करत शिरोळ तालुक्यात त्याच्या आईबापाला भेटायला गेलो. रात्रीच्या रस्त्यावर एकामागून एक उसाच्या ट्रॉल्या होत्या. प्रत्येक ट्रॉलीला हे डोळे मिटायचे. सांगलीपर्यंत यांनी माझा हात सोडला नाही.

फडावर त्याच्या आईनं तीन दगडांच्या चुलीवर भाकरी करून वाढली. तिच्या हातावर उसाच्या पाल्यानं कापल्याच्या रेघाच रेघा. मी तिला डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं सांगितलं. ती म्हणाली, ‘डॉक्टर हो म्हणून आमी कवा म्हणलो? त्यो व्हतो म्हणला, म्हणून उचल घेतली.’ आणि पोरगा म्हणाला, ‘तुम्ही उचल घेतली म्हणून मला सोडता येईना.’ दोन वर्षं दोन्हीकडून एकमेकांसाठी जीव टाकत होते आणि एकमेकांना विचारलं नव्हतं. मला आमचंच घर आठवलं.

दुपारी हे कुठं दिसेनात म्हणून मी बघायला गेले. यांनी लातूरहून पिशवीत लाल रेडियमचे रोल आणले होते, मला सांगितलं नव्हतं. टायरगाड्यांच्या मागच्या बाजूला फडक्यानं धूळ पुसायची, पट्टी मापून कापायची आणि अंगठ्यानं दाबून बसवायची, असं चाललं होतं. पोरगा कात्री धरून मागं. एका गाडीवानानं विचारलं, ‘गुरुजी, हे कशापायी?’ यांनी कात्री खाली ठेवली आणि त्याला आमच्या मुलाचं नाव सांगितलं.

पोरानं त्या मे महिन्यात परीक्षा दिली, नंबर लागला नाही. रडला, पण जेवला. नंतर डीएमएलटीला, म्हणजे लॅब टेक्निशियनच्या कोर्सला, गेला. गोळ्या डॉक्टरांनी हळूहळू कमी करून बंद केल्या. तो रविवारी फोन करतो, आधी आईला, मग आम्हाला. मी डबे पुन्हा सुरू केलेत, पंधराच, त्याहून जास्त घेत नाही. डबा न्यायला येणाऱ्या प्रत्येकाचं तोंड बघून डबा देते. हे दिवाळीच्या आधी रेडियम आणून ठेवतात आणि गाळप सुरू झालं की लातूरच्या आसपासच्या रस्त्यांवर जाऊन ट्रॉल्यांना लावतात.

तुमच्या मिस्टरांना मी काय सांगू? दुःख कमी झालं का, तर नाही. सकाळी उठल्यावर पहिली आठवण अजून त्याचीच येते. पण पूर्वी ते दुःख आम्ही दोघं वेगवेगळ्या खोल्यांत घेऊन बसायचो, आता एका ताटावर बसून त्याच्याबद्दल बोलतो. आणि हेही सांगते, पहिल्या दोन वर्षांत तो पोरगा आला असता तर मी त्याला गेटवरूनच परत पाठवलं असतं. मिस्टरांचं मन अजून तयार नसेल तर त्यांना ओढू नका. मात्र त्या मुलासाठी थांबू नका. तो जेवत नाही, झोपत नाही, हे तुम्हाला दिसतंय. आज संध्याकाळी ताटलीत काहीतरी घेऊन जा आणि त्याचं ऐका. त्याच्या घरचा नंबर घ्या. अठराच्या आतला असेल तर आईबापाला कळवल्याशिवाय घरी ठेवून घेऊ नका, आणि कुणीच नसेल तर 1098 ला, मुलांच्या मदतीच्या चाइल्डलाइनला, फोन करा. आणि जिवाचं काही बोलला तर एक मिनिट एकटं सोडू नका, 14416 लावा, दवाखान्यात न्या. डॉक्टरांचं काम प्रेमानं होत नाही, हे आम्हीही शिकलो.

काय झालं ते इथंच लिहा. संध्याकाळचे डबे साडेसातला जातात, त्यानंतर मी बघते.