विचारा, सांगतो : मुरमाच्या धावपट्टीवर विमान

(हातपंप आणि बोअरच्या कामानिमित्त पूर्व आफ्रिकेत बरीच वर्षं काढलेले आमचे जालन्याचे स्तंभलेखक वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात.)

प्रश्न : मुलगी-जावई नैरोबीला असतात. ऑगस्टमध्ये आम्हा दोघांना मसाई मारा बघायला नेणार आहेत. पुढचं विमान म्हणे बारा-तेरा जणांचं, एका इंजिनाचं, आणि उतरतं मातीच्या पट्टीवर, जिथं जनावरं हिंडत असतात. ह्यांना कसली फिकीर नाही, मला मात्र झोप नाही. त्यात सामान फक्त १५ किलो! मी तर ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, लोणचं, सगळं बांधून ठेवलंय.
— एक वाचक, परभणी

उत्तर : ताई, झोप घालवायचीच असेल तर त्या १५ किलोपायी घालवा, इंजिनापायी नको. तुमचं विमान बहुधा सेसना कॅराव्हॅन असेल. त्याचे पंख वर, छताला जोडलेले असतात, त्यामुळे चाकांनी उडवलेले खडे त्यांना सहसा लागत नाहीत. चाकं आत ओढली जात नाहीत, कायम खालीच. म्हणजे ती उघडतील का, हा घोर नाही. इंजिन एकच, पण टर्बाइनचं, आणि हे विमान १९८०च्या दशकापासून जगभर असल्याच कच्च्या पट्ट्यांवर राबतंय.

आता वजनाचं. इंधन, माणसं, सामान धरून हे विमान साधारण चार टनांच्या आत बसवावं लागतं. मसाई मारा आपल्या महाबळेश्वरापेक्षा उंचावर आहे. तिथली हवा मुळात विरळ, दुपारी तापली की आणखी विरळ. अशा हवेत पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचाही जोर घटतो, आणि विमानाला उडण्याआधी जास्त लांब पळावं लागतं. पट्टी काही त्यासाठी लांबत नाही. पायलट हे गणित रोज मांडतो आणि त्यात तुमच्या लोणच्याची बरणी धरलेली नसते. १५ किलोत खांद्यावरची पिशवीही आली, हे विसरू नका. काट्यावर सामानाबरोबर तुम्हालाही उभं करतील. लाजू नका, आणि वजन तोंडी विचारलं तर खरं तेच सांगा. कुणी कुठं बसायचं तेही त्यावरूनच ठरतं. नवरा-बायकोला शेजारी जागा मिळेलच असं नाही.

टणक सुटकेस घरीच ठेवा. सामान विमानाच्या पोटाखालच्या कप्प्यात कोंबावं लागतं आणि तिथं मऊ, चेपली जाणारी बॅगच बसते. मुंबईहून आणलेलं जास्तीचं सामान मुलीकडे राहू द्या. पीठ, डाळी, लोणची नैरोबीतल्या गुजराती दुकानांत हवी तेवढी मिळतात, आणि चपाती तर केनियात घरोघरी खातात. चटणी तेवढी न्या, तिला पर्याय नाही. फक्त ती प्लास्टिकच्या कॅरीबॅगेत बांधू नका. केनियात २०१७ पासून त्यांना बंदी आहे.

आणखी एक. नैरोबीत विमानतळ दोन आहेत. मुंबईचं विमान जोमो केन्याटावर उतरतं, ही छोटी विमानं विल्सनवरून सुटतात. मधे गावातली वाहतूक आहे, तेव्हा दोन्ही प्रवास एकाच सकाळी जोडू नका. आणि माराला जाताना सकाळचंच विमान घ्या. दुपारी जमीन तापून हवा वर उसळते, विमान हिंदकळतं, आणि पोटातलं लोणचं वर येतं. आत शौचालय नसतं. उड्डाण पाऊण तासाचं, पण एसटीसारखं ते वाटेत दोन-तीन पट्ट्यांवर थांबे घेत जातं. कुठला थांबा आधी ते त्या दिवशीच्या प्रवाशांवर ठरतं. उतरण्याआधी आपली पट्टी हीच ना, एवढं विचारून घ्या.

जनावरांचं म्हणाल तर ती असतात. कँपवरून तुम्हाला घ्यायला आलेली जीपच आधी पट्टीवर वरखाली पळवून झेब्रे, हरणं हुसकवतात. तरी एखादं मधे आलं तर पायलट खाली येता येता पुन्हा वर उचलतो आणि एक घिरटी मारून येतो. तेव्हा घाबरून ओरडू नका, तो त्याचं काम नीट करतोय. उतरल्यावर लाल धुरळा उडतो, विमान थांबतं, आणि पायलट स्वतःच खाली उतरून शिडी लावतो, कप्पा उघडून बॅगा काढतो. समोर गवताने शाकारलेली एक शेड, दोन बाक, आग विझवायचं नळकांडं, झालं विमानतळ. फोटोच्या नादात नाकाकडे तेवढं जाऊ नका. फिरणारा पंखा डोळ्यांना दिसत नाही. पायलट नेईल त्याच बाजूने चाला, टोपी हातात धरा. स्वेटरही घ्या, ऑगस्टमधली तिथली सकाळ आपल्या डिसेंबरची असते.

प्रश्न : मी बोअरचा मेकॅनिक आहे. एका संस्थेकडून दक्षिण सुदानला हातपंप दुरुस्तीसाठी जायचं ठरतंय. विमान ठरल्या दिवशी आलंच नाही तर काय करायचं?
— एक वाचक, जाफराबाद

उत्तर : पोरा, थांबायचं. तुझ्या शेताची काळी जमीन डोळ्यांपुढे आण : मृगाचा पाऊस पडला की बैलगाडी रुततेच ना? तिथंही तीच काळी माती, मैलोन् मैल. मुरूम न टाकलेली पट्टी एका पावसात बंद होते. वरून ऊन दिसतं, पण खाली पाय घोट्यापर्यंत जातो. गावातला माणूस पट्टी चालून बघतो, टाच रोवतो आणि रेडिओवर किंवा फोनवर कळवतो. त्याने नाही म्हटलं की पायलट येत नाही, आणि यायलाही नको. रात्री दिवे नाहीत, पट्टीवर इंधन नाही; म्हणजे उजेड आणि परतीचं तेल धरूनच तो निघतो. म्हणून परतीचं आंतरराष्ट्रीय तिकीट चार-पाच दिवस सोडून काढ. रोजची औषधं आठवडाभर जास्तीची ठेव, आणि ती अंगावरच्या पिशवीत. बॅग मागच्या विमानाने येऊ शकते. जागा संस्थेनेच आरक्षित करायची असते, परस्पर काही ठरवू नकोस.

कामाची मात्र चिंता नको. तिथं बहुतेक इंडिया मार्क टू हाच पंप भेटेल. १९७०च्या दशकात आपल्या देशात तो घडला तो सोलापूरच्या पोलादी पंपावरून, आणि त्याच्याही आधी आपल्या जालन्यात मिशनच्या लोकांनी असाच पोलादी पंप करून बघितला होता. साखळी, हँडल, बेअरिंग, सगळं तुझ्या हातातलं. वॉशर तेवढे इथूनच घेऊन जा. रबर आणि चामडं हलकं असतं, काट्याला जड जात नाही.

प्रश्न : केनियाला जाताना यलो फीव्हरची लस खरंच लागते का? आमचे डॉक्टर म्हणतात, काही गरज नाही.
— एक वाचक, लातूर

उत्तर : लागते, आणि मुख्य म्हणजे परत येताना लागते. केनियाहून आलेल्या प्रवाशाकडे प्रमाणपत्र नसेल तर भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यायची, पिवळं कार्ड तिथंच मिळतं. लस घेतल्यापासून दहा दिवसांनी ते लागू होतं. २०१६ पासून एकच डोस जन्मभर चालतो. साठीपुढच्यांनी आणि अंड्याची ॲलर्जी असलेल्यांनी मात्र आधी डॉक्टरांशी नीट बोलावं, त्यांच्या बाबतीत जोखीम वेगळी असते. परभणीच्या ताईंनीही हे वाचावं.

प्रश्न : जिथं टॉवर नाही तिथं पायलटला वारा कुठून आहे हे कसं कळतं?
— इयत्ता नववीतला वाचक, हिंगोली

उत्तर : पट्टीशेजारी खांबाला नारिंगी कापडाची लांब पिशवी बांधलेली असते. वारा भरला की ती ताठ होते. तिचं शेपूट ज्या दिशेला, वारा त्या दिशेला चाललाय. विमान नेहमी वाऱ्याच्या तोंडावर उतरवतात, म्हणजे लवकर थांबतं. पिशवी फाटलेली असली तर पायलट चुलीचा धूर, तळ्यावरच्या लाटा, झाडांची पानं बघतो.