आफ्रिकन मांगूर पाण्याबाहेर कसा जगतो? खानापूरजवळच्या शेततळ्यात सोडला तर चालेल का?

कल्ल्यांच्या वर त्याला फांद्याफांद्यांचा, झुडपासारखा एक अवयव असतो. त्यातून तो थेट हवा घेतो. म्हणून बेळगावच्या बाजारात पाटीत पडलेला मांगूरही बराच वेळ मिशा हलवत राहतो. मिशा आठ, खवले नाहीतच, नुसता बुळबुळीत. अंग ओलं राहिलं की छातीच्या परांचे काटे टेकत, वळवळत रात्री दुसऱ्या डबक्याकडे निघतो. खाण्याचं विचारूच नका! किडे, बेडूक, मासे, कुजकंसुद्धा. पावसाचं पाणी चढलं की उथळ गवतात अंडी टाकून चालता होतो, राखण वगैरे काही नाही. आफ्रिकेत तो दीड मीटरपर्यंत वाढतो. आपल्याकडे पाळायला बंदी आहे. सोडलात, तर पहिल्या मोठ्या पावसात तो मलप्रभा नदीत गेलाच म्हणून समजा.