बार्बाडोसला आई-बाबांसोबत जाताय? आधी किनारा ठरवा, मग हॉटेल

तुम्ही विचारलंय की जुलैअखेर आठवडाभर बार्बाडोसला जाताना पश्चिम किनाऱ्यावरचं ऑल-इन्क्लुसिव्ह (खाणंपिणं भाड्यातच धरलेलं) रिसॉर्ट घ्यावं की दक्षिणेला स्वयंपाकघर असलेली खोली. आई शाकाहारी, बाबांचे गुडघे दुखतात. आमचं घर अगदी असंच आहे. दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये मी आई-बाबांना घेऊन गेले होते, म्हणून मनापासून सांगते: दक्षिणेला, हेस्टिंग्ज ते वर्दिंगच्या पट्ट्यात, किचनेटवाली खोली घ्या.

पश्चिमेचा, म्हणजे होलटाउनकडचा समुद्र तळ्यासारखा शांत असतो, यात वादच नाही. पण तिथे खोल्या महाग. शिवाय ऑल-इन्क्लुसिव्हचे पैसे तुम्ही भरणार दारूचे आणि मासे-मटणाचे. आईच्या ताटात मात्र फळं आणि सॅलड. तिथला ‘राइस अँड पीज’ (कडधान्य घातलेला भात) दिसायला शाकाहारी, पण त्यात बऱ्याचदा खारवलेलं डुकराचं मांस घालतात. विचारल्याशिवाय घेऊ नका.

आम्ही तांदूळ, मुगाची डाळ आणि मसाल्याचा डबा नेला होता. तिसऱ्या दिवशी रस्त्याकडेच्या भाजीवालीकडे आई थबकली. हिरवं, खरबरीत सालीचं फळ हातात घेऊन म्हणाली, “अगं, हा तर आपला नीरफणस!” तोच तो. अठराव्या शतकाच्या शेवटी इंग्रजांनी पॅसिफिकमधून कॅरिबियनमध्ये आणलेला ब्रेडफ्रूट. त्या रात्री आईने तिखट-मीठ-हळद लावून काप केले. रवा नव्हता, तर तांदूळच मिक्सरमधून भरड काढून लावले. बाबा रत्नागिरीचे, सहा-सात काप खाल्ले असतील त्यांनी. हे सुख रिसॉर्टच्या बुफेत नाही मिळत हो.

दुसरं कारण चालण्याचं. हेस्टिंग्जपासून रॉकली बीचपर्यंत समुद्राला लागून सपाट बोर्डवॉक आहे, मध्ये बसायला बाक आहेत. बाबा रोज संध्याकाळी तिथे फिरायचे. सेंट लॉरेन्स गॅप ही बार-हॉटेलांची गल्ली मात्र टाळा, रात्री उशिरापर्यंत गाणी चालतात. त्यात तुमच्या तारखा क्रॉप ओव्हरच्या, म्हणजे ऊसतोडणी संपल्याच्या उत्सवाच्या. ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी त्याची मोठी मिरवणूक असते, त्यामुळे बुकिंग लवकर करा.

पश्चिमेचं पाणी हुकेल याची काळजी नको. बार्बाडोसचे सगळे किनारे सार्वजनिक आहेत. राजधानी ब्रिजटाउनला बस बदलून होलटाउनला जा, एका बसचं तिकीट साडेतीन बार्बाडोस डॉलर, म्हणजे पावणेदोन अमेरिकन डॉलर. तिथे खोडावर लाल पट्टा असलेल्या झाडाखाली बसू नका. ते मँचिनील, त्याचा चीक अंगाला लागला तर फोड येतात. उन्हाळ्यात सरगॅसम शेवाळ वाहून येतं, कुजलं की सडक्या अंड्यासारखा वास येतो. पूर्व आणि आग्नेय किनाऱ्याला त्याचा त्रास सर्वात जास्त, म्हणून विमानतळाच्या बाजूचं हॉटेल स्वस्त दिसलं तरी घेऊ नका.

रद्द करता येणारंच बुकिंग घ्या. २९ जून २०२४ ला इथल्याच केन्सिंग्टन ओव्हल मैदानावर आपण टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकलो आणि मग बेरिल वादळामुळे रोहितची अख्खी टीम काही दिवस हॉटेलातच अडकली, आठवतंय ना? जून ते नोव्हेंबर वादळांचा मोसम. बार्बाडोसला थेट तडाखा क्वचित बसतो, पण विमानं रद्द व्हायला तेवढंही लागत नाही.

आणि पैसे भरण्याआधी हॉटेलला ईमेल करून लेखी उत्तर घ्या: खोली तळमजल्यावर आहे का, लिफ्ट आहे का, शेगडी आणि भांडी खोलीतच आहेत का, सांगितलेल्या भावात कर आणि सर्व्हिस चार्ज धरलाय का, आणि भाव कुठल्या डॉलरमध्ये. आम्ही पहिल्या हॉटेलात हे विचारलं नाही. ‘सी व्ह्यू’ खोली निघाली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. बाबा कठडा धरून एकेक पायरी चढत होते, ते बघून मला रडू आलं. दुसऱ्याच दिवशी आम्ही ते सोडलं, एका रात्रीचे पैसे गेले. तळमजल्याचं तेवढं नक्की विचारा.