ग्राउल गेला, ग्राउल आला

प्रश्न : कॉलेजात असल्यापासून मी स्वीडनच्या ओपेथ बँडचा चाहता. २०११ साली त्यांचा ‘हेरिटेज’ अल्बम आला. त्यात ग्राउल, म्हणजे घशातून गुरगुरत गाणं, नाही; डेथ मेटल हा जड, कर्कश रॉकही नाही. मी त्यांना ऐकणंच सोडलं. २०२४ च्या अल्बममध्ये ग्राउल परत आलाय, तरी मन लागत नाही. मित्र म्हणतात, एवढं कशाला मनावर घेतोस?
— एक वाचक, लातूर

उत्तर : घ्या की मनावर! आम्ही परभणीची पोरं. हे संगीत विकणारं दुकान आमच्याकडे नव्हतं. नांदेडच्या हॉस्टेलात या कॉम्प्युटरवरून त्या कॉम्प्युटरवर फिरत आलेला ओपेथचा ‘ब्लॅकवॉटर पार्क’ हा अल्बम मी ऐकला. इतक्या लांबून जीव लावलेला बँड बदलला की माणूस दुखावतोच.

पण गेलं काय, ते नीट बघा. माझ्या मते नुसता ग्राउल नाही गेला. ‘ब्लॅकवॉटर पार्क’मध्ये मऊ गिटार आणि साधा गाता आवाज चालू असतो, आणि त्यातूनच तो घशातला गडगडाट उठतो. तुळजाभवानीच्या गोंधळात कथा सांगताना संबळ दबून वाजतो आणि मधेच कडाडतो, अंगावर काटा येतो, तसं ते होतं. ‘हेरिटेज’मध्ये कडाडणारी बाजूच काढली. मलाही तो अल्बम आजतागायत अर्धा वाटतो.

तरी त्याला दगाफटका म्हणू नका. २००३ चा ‘डॅम्नेशन’ आठवा. त्यातही ग्राउल नव्हता, आणि तो रेकॉर्ड झाला ‘डिलिव्हरन्स’सारख्या जड अल्बमच्या सोबतच. बँडचा गायक-गिटारवादक मिकाएल ओकरफेल्टचा ओढा सत्तरच्या दशकातल्या प्रोगकडे, म्हणजे लांब, गुंतागुंतीच्या रचनांच्या रॉककडे, पहिल्यापासून होता. ‘हेरिटेज’ची सुरुवात नुसत्या पियानोने होते, स्वीडिश जॅझ पियानोवादक यान योहानसनच्या वळणाची. ‘स्लिदर’ हे गाणं २०१० साली गेलेल्या हेवी मेटल गायक रॉनी जेम्स डिओच्या आठवणीत केलेलं. माणूस स्वतःला आवडणारं वाजवत होता. पैशासाठी बदलला असता, तर मीही तुमच्या बाजूने भांडलो असतो. पण मेलोट्रॉन हा प्रोगवाल्यांचा जुना कीबोर्ड वाजवून कुणाचं घर भरतं?

आता २०२४ चा ‘द लास्ट विल अँड टेस्टामेंट’. पहिल्या महायुद्धानंतरचं एक श्रीमंत घर, बाप वारलेला, पोरांपुढे मृत्युपत्राचं वाचन. गाण्यांना नावं नाहीत, कलमांसारखे आकडे आहेत. ग्राउल इथं त्या मेलेल्या बापाच्या तोंडी शोभतो, जुन्या चाहत्यांची समजूत काढायला आणलेला वाटत नाही. शिवाय जेथ्रो टल या जुन्या प्रोग बँडचे इयन अँडरसन निवेदन करतात, बासरी वाजवतात. म्हणजे मधल्या वर्षांतला प्रोग तसाच आहे, त्यावर जुना गडगडाट आलाय. तुम्ही मधले अल्बम सोडलेत, म्हणून हा परका वाटत असणार. आधी २०१४ चा ‘पेल कम्युनियन’ ऐका, घाई न करता. मग हा लावा, हेडफोन घालून, पहिल्या कलमापासून ओळीने. शेवटच्या गाण्याला तेवढं नाव आहे, ‘अ स्टोरी नेव्हर टोल्ड’. त्यात ग्राउल नाही. ते तुम्हाला कसं वाटलं, हे मात्र मला नक्की लिहून कळवा.