वाचकांचे प्रश्न : गोठवणाऱ्या थंडीत मांजरांसाठी आणि पाखरांसाठी पाणी

तापमान शून्याखाली जाते अशा ठिकाणी बाहेर वावरणाऱ्या मांजरांना, पाखरांना आणि लहानसहान वन्यजीवांना हिवाळ्यात पिण्याचे पाणी कसे पुरवावे, याविषयी आलेल्या पत्रांपैकी काही निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे एकत्र देत आहोत.

प्रश्न : आमच्या घरामागे काही बेवारस मांजरे राहतात. उन्हाळ्यात मी त्यांच्यासाठी न चुकता पाणी ठेवते. हिवाळ्यात मात्र ‘एवढा बर्फ पडला आहे, तहान लागली तर ती बर्फ चाटतील, वेगळे पाणी कशाला?’ असे शेजारी म्हणतात. त्यांचे म्हणणे बरोबर आहे का?

उत्तर : मांजर बर्फ चाटते हे खरे, पण त्यावर त्याची तहान भागते असे नाही. साधारण ४ किलो वजनाच्या मांजराला, खाण्यातून मिळणारे धरून, दिवसाला सुमारे २०० मिलिलिटर पाणी लागते. नुकता पडलेला भुसभुशीत बर्फ वितळला, की त्याच्या आकारमानाच्या जेमतेम दहाव्या हिश्शाइतके पाणी मिळते; म्हणजे तेवढ्या पाण्यासाठी मांजराला जवळजवळ २ लिटर बर्फ खावा लागेल. शिवाय तो वितळवण्यासाठी लागणारी उष्णता त्याच्या शरीरातूनच जाणार. शून्य अंशावरच्या १ ग्रॅम बर्फाचे पाणी व्हायला ८० कॅलरी लागतात आणि ते पाणी शरीराच्या तापमानाला यायला आणखी सुमारे ३८. हा हिशेब २०० ग्रॅमना लावला, तर जवळपास २४ किलोकॅलरी नुसत्या बर्फावर खर्च होतात, आणि एवढ्या मांजराची एरवीची रोजची गरजच २०० ते २५० किलोकॅलरींची असते. थंडीत अंग ऊबदार ठेवण्यासाठी आधीच जास्त खावे लागत असताना, आणि ते मिळण्याची खात्री नसताना, हा दहावा हिस्सा काही थोडा नव्हे.

दुसरी गोष्ट अशी, की मांजराची तहान मुळातच मंद असते. त्याचे पूर्वज कोरड्या प्रदेशातले रानमांजर होते. त्यामुळे मूत्र अतिशय घट्ट करून पाणी वाचवण्याची क्षमता त्याच्या मूत्रपिंडांत आहे, पण पाणी कमी पडल्यावर ते शोधत हिंडण्याची ओढ त्या मानाने कमी आहे. थंड हवा कोरडी असते आणि प्रत्येक श्वासाबरोबर शरीरातला ओलावा बाहेर जातो. पाणी सतत कमी पडले की मूत्रात खडे धरण्याचा धोका वाढतो, आणि बोक्यांचा मूत्रमार्ग अरुंद असल्याने तो तुंबूही शकतो. एखादा बोका पुन्हा पुन्हा लघवीला बसतो आहे, जोर करतो आहे, ओरडतो आहे आणि थेंबभरच लघवी होते आहे किंवा होतच नाही, असे दिसले तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याला पशुवैद्याकडे न्यावे. मार्ग पूर्ण बंद झाला आणि उपचार मिळाले नाहीत, तर एक-दोन दिवसांतच ते जिवावर बेतते. तेव्हा शेजाऱ्यांचे ऐकू नका; हिवाळ्यातही पाणी ठेवा.

प्रश्न : मी ज्या आवारात मांजरांना खायला घालतो तिथे विजेची सोय नाही. ठेवलेले पाणी थोड्याच वेळात दगडासारखे गोठते. काय करता येईल?

उत्तर : पाणी गोठूच नये हे विजेशिवाय साधणार नाही, गोठायला जास्तीत जास्त वेळ लागावा आणि मांजराची पिण्याची वेळ नेमकी त्या वेळेत पडावी, एवढे मात्र निश्चित साधता येते. यातला दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे. रोज सकाळी आणि संध्याकाळी ठरलेल्या वेळी खाणे आणि कोमट पाणी एकत्र नेले, तर मांजरे ती वेळ लवकर ओळखतात आणि आधीपासून येऊन बसतात. सगळ्यांचे पिऊन होईपर्यंत, अर्धा-पाऊण तास, पाणी द्रवरूप राहिले तरी मोठे काम झाले. पाणी कोमटच असावे, उकळते नसावे. उकळत्या पाण्याने तोंड भाजू शकते आणि वाफ मिशांवर व केसांवर बसून तिथेच गोठते.

खाण्यातूनही पाणी पोटात जाऊ द्यावे. कोरड्या दाण्यांत जेमतेम दहा टक्के ओलावा असतो, तर ओल्या डबाबंद खाद्यात ७५ ते ८० टक्के. ओल्या खाद्यात दोन-तीन चमचे गरम पाणी कालवून ते पातळसर करून दिले, तर पाण्याच्या भांड्याकडे पाठ फिरवणारे मांजरही ते चाटूनपुसून खाते. फक्त ते एका वेळी संपेल इतकेच द्यावे आणि उरलेले उचलून न्यावे, कारण ओले खाद्यही गोठते.

आता भांड्याविषयी. उष्णता मुख्यतः पाण्याच्या पृष्ठभागावरून निघून जाते आणि बर्फाचा थर वरूनच धरू लागतो, म्हणून पसरट उथळ ताटलीतले पाणी सर्वांत आधी गोठते. बेताच्या तोंडाचे, खोल आणि जाड भिंतींचे भांडे घ्यावे आणि ते काठोकाठ भरावे; पाणी जितके जास्त तितके ते सावकाश निवते. धातूचे भांडे टाळावे, कारण त्यातून उष्णता झपाट्याने जाते आणि अतिथंड धातूला ओली जीभ चिकटून तिची साल निघू शकते. काच आणि चिनी माती यांचाही उपयोग नाही. गोठताना पाणी सुमारे ९ टक्क्यांनी फुगते आणि भांडे तडकते. यासाठी काळे, जाड रबरी भांडे मला सर्वांत योग्य वाटते. काळा रंग उन्हाची उष्णता शोषून घेतो, आणि पाणी गोठलेच तर भांडे उपडे करून दोन्ही हातांनी पिळले की बर्फाची अख्खी चकती सुटून खाली पडते; ठोकाठोक करावी लागत नाही.

हे भांडे थर्माकोलच्या जाड खोक्यात, त्याच्या मापाचे भोक पाडून, गळ्यापर्यंत बसवावे आणि ते खोके लाकडी किंवा प्लास्टिकच्या पेटीत ठेवावे, म्हणजे मांजरे थर्माकोल कुरतडणार नाहीत. पेटीचे तोंड वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला आणि शक्यतो ऊन येते तिकडे करावे. पाण्यात चेंडू तरंगत ठेवण्याची युक्ती पुष्कळजण सांगतात. वारा असेल तर तो हलत राहून पृष्ठभागावर बर्फाची साय धरू देत नाही, परंतु कडाक्याच्या थंडीपुढे ती युक्ती टिकत नाही. त्यापेक्षा एकसारखी दोन भांडी ठेवून, गोठलेले घरी आणावे आणि ताजे भरलेले तिथे ठेवावे, हे अधिक भरवशाचे आहे.

एक गोष्ट कटाक्षाने पाळावी : मांजरांच्या निवाऱ्याच्या आत पाणी ठेवू नये. जागा बंदिस्त असल्याने पाणी उशिरा गोठेल असे वाटते, पण मांजर आत-बाहेर करताना ते सांडते, अंथरलेला पेंढा भिजतो, आणि भिजलेल्या अंथरुणावर बसलेले मांजर उघड्यावरच्या मांजरापेक्षाही लवकर गारठते. पाणी निवाऱ्यापासून चार-सहा पावलांवर, आडोशाला असावे.

प्रश्न : विजेवर गरम राहणारे भांडे घराबाहेर ठेवणे सुरक्षित आहे का? त्यात पाणी किती गरम होते?

उत्तर : बाहेरच्या वापरासाठीच बनवलेले भांडे असेल तर सुरक्षित आहे, आणि विजेची सोय असेल तर त्याहून चांगला उपाय नाही. अशी भांडी साधारण २५ ते ६० वॅटची असतात. त्यांतला थर्मोस्टॅट तापमान गोठणबिंदूच्या जवळ आल्यावरच वीज सुरू करतो, त्यामुळे पाणी गरम होत नाही, केवळ गोठत नाही. वायरीवर पोलादी तारेचे वेटोळे असलेले भांडे निवडावे, कारण खारी आणि उंदीर वायर कुरतडतात. जोडणी अशा प्लगमध्ये करावी ज्याला वीजगळती होताच प्रवाह तोडणारा ब्रेकर आहे. एक्स्टेंशनची वायरही बाहेरच्या वापराची असावी आणि तिचा जोड बर्फात किंवा साचलेल्या पाण्यात लोळत नसावा.

घरातली पाणी तापवण्याची कांडी, मत्स्यपेटीतला हीटर किंवा अंग शेकण्याची विजेची गादी यांची जुळवाजुळव करून असे भांडे घरी बनवू नये. मत्स्यपेटीच्या हीटरची काचेची नळी पाणी आटल्यावर तापून फुटते. कांडीला तर पाणी तापवणे कुठे थांबवायचे हेच कळत नाही. आणि भांडे विजेचे असले तरी रोज पाहणी करावीच लागते, कारण वीज गेली किंवा मांजरांनी पाणी संपवले तर ते आपल्याला घरात बसून कळत नाही.

प्रश्न : पाण्यात थोडे मीठ किंवा साखर घातली तर ते गोठत नाही असे वाचले. गाडीत घालतात ते अँटिफ्रीझही थेंबभर चालते, असे एकाने सांगितले. हे खरे आहे का?

उत्तर : यांपैकी काहीही पाण्यात घालू नये. पाण्याचा गोठणबिंदू केवळ २ अंशांनी खाली आणायचा तर त्यात समुद्राच्या पाण्याइतके, म्हणजे लिटरमागे ३० ग्रॅमच्या वर, मीठ घालावे लागते. असे पाणी प्यायलेल्या लहान प्राण्याला किंवा पाखराला ते विषासारखे बाधते. तेवढ्याच परिणामासाठी साखर लिटरमागे ३०० ग्रॅमहून अधिक लागेल, आणि त्या पाकात जंतू वाढतील. ग्लिसरीन पाखरांच्या पिसांना चिकटते आणि त्यांची ऊब धरून ठेवण्याची शक्ती घालवते.

अँटिफ्रीझचा सल्ला तर जीवघेणा आहे. त्यातले इथिलीन ग्लायकॉल मांजराची मूत्रपिंडे निकामी करते आणि चहाच्या चमचाभर शुद्ध द्रवाने पूर्ण वाढलेले मांजर दगावू शकते. मांजराला गोड चव कळत नाही, तरीही जमिनीवर सांडलेले हे द्रव ते पिते किंवा पंजाला लागलेले चाटते. म्हणून गाडीखाली गळती दिसली तर ती लगेच पुसून, जागा भरपूर पाण्याने धुवावी. मांजराच्या पोटात ते गेल्याची नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट पाहू नये. उपचार पहिल्या तीन तासांत सुरू झाले तरच जगण्याची आशा असते.

प्रश्न : पाखरांसाठीही पाणी ठेवावे असे वाटते, पण मांजरे तिथेच असतात. आपण पाखरांना मांजरांच्या तोंडी तर देत नाही ना?

उत्तर : ही काळजी अगदी रास्त आहे. पोट भरलेले मांजरही शिकार करते, त्यामुळे खाऊ घातलेली मांजरे पाखरांना त्रास देणार नाहीत असे धरून चालू नये. मांजरांचे पाणी घराच्या एका बाजूला आणि पाखरांचे अगदी दुसऱ्या बाजूला ठेवावे. पाखरांचे भांडे उंच, गुळगुळीत खांबावर असावे आणि दबा धरून बसता येईल अशा झुडपांपासून किमान २ मीटर दूर, मोकळ्यात असावे. मात्र उडून बसायला एखादे झाड जवळपास हवे. हे जमण्यासारखे नसेल, तर पाखरांसाठी पाणी न ठेवणेच योग्य.

पाखरांच्या पाण्याची खोली ३ ते ५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावी आणि त्यात खडबडीत दगड असे मांडावेत, की पाण्याच्या फटी तेवढ्या उघड्या राहतील. पाखरे कडक थंडीतही अंघोळ करतात, कारण स्वच्छ पिसेच ऊब धरतात. परंतु तापमान फार खाली गेले असताना त्यांनी पूर्ण भिजू नये, पाणी मात्र पिता यावे, यासाठी ही मांडणी. जमिनीवर खोल टब किंवा बादली ठेवली असेल तर तिच्यात उतरती फळी टाकावी, नाही तर खारीसारखे प्राणी पाणी प्यायला वाकतात आणि बुडून मरतात.

स्वच्छतेची हयगय थंडीतही चालत नाही. ब्रिटनमध्ये २००५ पासून ग्रीनफिंच या पाखरांमध्ये ट्रायकोमोनास या परजीवीची साथ पसरली आणि त्यांची संख्या मोठ्या प्रमाणावर घटली. आजारी पाखराची लाळ ज्यात मिसळली आहे असे खाणे आणि पाणी हा तिच्या प्रसाराचा मार्ग होता. हा परजीवी कोरड्यात टिकत नाही. त्यामुळे दोन भांडी आलटूनपालटून वापरावीत आणि धुतलेले भांडे पूर्ण वाळू द्यावे. आठवड्यातून एकदा नऊ भाग पाण्यात एक भाग ब्लीच घालून घासावे आणि वास जाईपर्यंत खळबळून घ्यावे. पाण्यात घातल्यावर दुधाळ होणारी फिनॉलयुक्त जंतुनाशके मांजरांना विषारी असतात. ती या कामाला वापरू नयेत. सुस्त, पिसे फुलवून बसलेली किंवा घास गिळता न येणारी पाखरे दिसली, तर काही आठवडे भांडे उचलून ठेवावे, म्हणजे पाखरे पांगतील.

प्रश्न : बागेतल्या लहान तळ्यावर बर्फाचा थर धरला आहे. प्राण्यांना पाणी पिता यावे म्हणून तो हातोडीने फोडला तर चालेल का?

उत्तर : हातोडी वापरू नये. पाणी सुमारे ४ अंशांवर सर्वांत जड असते, म्हणून त्या तापमानाचे पाणी तळाशी राहते आणि मासे व शीतनिद्रेतले बेडूक तिथेच थंडी काढत असतात. वर घातलेल्या घावाचा धक्का पाण्यातून त्यांच्यापर्यंत पोचतो. त्याऐवजी गरम पाण्याने भरलेले पातेले बर्फावर, काठाजवळ ठेवावे आणि ते हळूहळू भोक पाडेपर्यंत धरून राहावे किंवा त्याच्या कडीला दोरी बांधून ठेवावी. गरम पाणी थेट तळ्यात ओतू नये. भोक काठाजवळच असावे, म्हणजे पाणी प्यायला आलेल्या प्राण्याला बर्फावर चालत जावे लागणार नाही. पातळ बर्फावर आपणही पाऊल ठेवू नये. काठावर उभे राहून लांब दांड्याच्या झाडूने वरचा भुसभुशीत बर्फ दूर केला, तर पाण्यातल्या वनस्पतींपर्यंत उजेडही पोचतो.