तंबूपेक्षा पक्की खोली आवडते म्हणजे निसर्गाची आवडच नाही का?

तुमच्या मित्रांना मेळघाटात तंबू ठोकून राहायचंय, तुम्हाला पलंग, दाराला कडी आणि अंघोळीला गरम पाणी हवंय, आणि तेवढ्यावरून ते म्हणतात की तुम्हाला निसर्गाची आवडच नाही. माझ्या मते ते चुकतात.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात वाढलो. हरभरा घाट्यांवर आला की आमच्याकडे रात्री वावरात जागलीला जावं लागतं. रानडुकरांचा कळप एका रात्रीत उभ्या पिकाचं वाटोळं करतो आणि उरलंसुरलं रोही (नीलगायी) तुडवून जातात. मग मचाणावर गोधडी घेऊन बसायचं, थोड्या थोड्या वेळानं खाली उतरायचं, बॅटरी मारत आणि डबा बडवत धुऱ्याधुऱ्यानं फिरायचं. पहाटेपर्यंत दवानं गोधडी पार ओली होते. वर चांदणं सुंदर असतं, ते मी पोटभर पाहिलंय. पण जागलीहून आलेला माणूस सकाळी पुन्हा कामाला जुंपला जातो, डोळे चुरचुरत असतात, आणि हे हंगामभर चालतं. उघड्यावर रात्र काढली की निसर्ग कळला, हे म्हणूनच मला पटत नाही. ज्यांना हौस आहे त्यांनी जरूर काढावी.

आणि उघड्यावर झोपण्यातला धोका आमच्याकडे खरा आहे. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. चावल्याचं बहुतेकदा जाणवतही नाही, दातांची खूण दिसत नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात आणि मग श्वास अडकायला लागतो. तोवर दवाखाना गाठला नाही तर माणूस हातचा जातो. म्हणून आमच्या घरी पावसाळ्यात लहानथोर सगळे बाजेवर, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचून झोपतात. तंबूतच झोपायचं असेल तर तळ शिवलेला आणि चेन पूर्ण लागणारा तंबू घ्या, सकाळी बूट झटकूनच पाय घाला. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्यांत गवतावर अंथरूण टाकू नका. २०१८ मध्ये नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत स्क्रब टायफसची साथ आली होती. गवताझुडपांतल्या गोचिडीसारख्या बारीक जिवांच्या (माइट) अळ्या चावल्यानं तो ताप येतो. वेळेत औषध मिळालं तर बरा होतो, पण साधा ताप समजून अंगावर काढला तर जिवावर बेततो. चंद्रपूरकडे तर मोहफुलं आणि तेंदूपत्ता वेचायला गेलेली माणसं वाघाच्या हल्ल्यात गेली आहेत. ती पोटासाठी जंगलात जातात, त्यांना दुसरा मार्ग नसतो. आपल्याला असतो.

आता आवडीचं बोलू. महाराष्ट्रात सारस जवळपास गोंदिया, भंडारा आणि चंद्रपूरपुरतेच उरलेत. मला ते बघायचे होते म्हणून मी गोंदियात लॉजवर उतरलो, रात्री पोटभर जेवलो, गाढ झोपलो आणि उजाडायच्या आत परसवाड्याच्या तलावाकडे निघालो. धानाच्या बांधीत एक जोडी उभी होती, जवळजवळ माणसाएवढी उंच. नर मान वर करून ओरडला की मादी लगेच साथ द्यायची. सगळं शिवार दणाणून जायचं. ऊन चढेपर्यंत मी बांधावरून हललो नाही. रात्रभर मच्छर मारत जागलो असतो तर इतका वेळ डोळे उघडे राहिले नसते. झोप झालेल्या माणसाला जास्त दिसतं, हा माझा अनुभव आहे.

आणखी एक. माझ्या आईचं अख्खं आयुष्य वावरात गेलं. निंदण, कापूस वेचणी, चुलीवर पाणी तापवणं, अंधार पडल्यावर डबा घेऊन शिवाराकडे जाणं, सगळं तिनं केलंय. तिला घेऊन शेगावला मुक्कामी गेलो तेव्हा नळातून गरम पाणी आलं, तर ती त्या धारेखाली हात धरून बराच वेळ उभी होती. मग खोलीत चहा आला. दुसऱ्या कोणी केलेला चहा तिनं पलंगावर पाय लांब करून प्यायला. तिच्या गुडघ्यांना खालची बर्थ लागते, स्वच्छ संडास लागतो, आणि ते मिळालं की ती दिवसभर हौसेनं फिरते. अशा माणसाला कोणी सांगावं की तुला निसर्ग कळत नाही?

तुमच्या बेतात मार्ग निघतो. १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या नऊ जंगलांपैकी मेळघाट एक आहे. तिथं वाटेल तिथं तंबू ठोकता येत नाही, हे मित्रांनाही आधीच सांगा. सेमाडोहला आणि कोलकासला वनविभागाची राहायची सोय आहे. कोलकासहून खाली सिपना नदीचं वळण दिसतं, संध्याकाळी तिथं बसायला मिळालं तर सोडू नका. तुम्हाला जास्त सोय हवी असेल तर चिखलदऱ्यात हॉटेलं आहेत. ते सुमारे ११०० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत रात्री थंडी चांगलीच बोचते. खोली घेताना गरम पाणी किती वाजेपर्यंत मिळतं आणि रजया किती देतात, हे फोनवरच विचारून घ्या. मित्रांना परवानगीच्या जागी तंबूत राहू द्या, सकाळी सगळे मिळून जंगलात जा. दिवाळी-नाताळच्या सुट्ट्यांत खोल्या लवकर भरतात, तेव्हा बुकिंग आत्ताच करून टाका.