आईबाबांच्या प्रवासाचा तक्ता

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तक्ता मिळाला. चष्मा पुसून दोनदा वाचला. बाबा निवृत्त झाल्याबरोबर त्यांना आणि आईला विलायत दाखवायला निघालीस, फार बरं वाटलं. पण अगं, बारा दिवसांत लंडन, बाथ, यॉर्क, एडिनबरा, वर पॅरिस, आणि बाबांच्या जिवलग मित्राकडे फक्त एक रात्र? शाळेत वेळापत्रक लिहिताना मधली सुट्टी विसरायचीस, ती सवय गेली नाही म्हणायची.

पॅरिस आधी खोड. ब्रिटनचा व्हिसा तिथे चालत नाही, युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक शेंगेन व्हिसा वेगळा काढावा लागतो. एका दिवसासाठी ती यातायात कशाला?

पहिल्या खेपेला आम्हीही असाच भरगच्च तक्ता केला होता. ह्यांचे कॉलेजातले मित्र एडिनबऱ्याला असतात. तक्त्यात तिथला दिवस लिहिला होता, 'किल्ला, एक वाजताची तोफ'. लीथ बंदरातल्या जहाजांना घड्याळं लावता यावीत म्हणून 1861 पासून ती तोफ उडते. हे पावणेएकपासून मोबाइल उगारून उभे. एक वाजला, सव्वा वाजला, तोफ गप्प! पहारेकऱ्याला विचारलं, तर म्हणाला, आज रविवार. रविवारी उडवत नाहीत. तारीख लिहिली होती, वार कोण बघतो?

दुपार मोकळी पडली, म्हणून मित्र म्हणाले, चला, माझी आवडती जागा दाखवतो. बसने साउथ क्वीन्सफेरीला गेलो. तिथे साठीनंतर रहिवाशांना बस फुकट, त्यामुळे ते ऐटीत कार्ड दाखवून वर चढले आणि आम्ही खाली तिकिटं काढत बसलो! खाडीवर तीन पूल शेजारी शेजारी: लाल पोलादी रेल्वेचा 1890 चा, रस्त्याचा 1964 चा आणि तारांनी तोललेला 2017 चा. तीन शतकांचे तीन. पाण्यालगतच्या बाकावर हे दोघे म्हातारे बसले. पुलावरून गाडी गेली की बोलणं थांबवायचे, डबे मोजायचे, आणि पुन्हा हॉस्टेलच्या मेसमधल्या पातळ आमटीवरून भांडायचे. वहिनींनी डब्यातली थालीपिठं काढली. त्या प्रवासाचं ह्यांना आज विचार, किल्ल्यातलं काही आठवत नाही. डबे मात्र आठवतात.

म्हणून बाबांच्या मित्राकडे निदान चार रात्री ठेव, आणि त्यातले दोन दिवस कोरे. कोरे म्हणजे कोरेच, 'जमल्यास बाग' असलं काही त्यात लिहू नकोस.

आता पाहुण्यांचं. त्या घरी दोघेही सत्तरीचे, कामाला बाई नाही. आपला कप आपण विसळायचा, हे बाबांना तूच सांग. आई सांगणार नाही. बाथरूमच्या जमिनीला मोरी नसते, तेव्हा बादली-तांब्या पडद्याआड टबातच. नाहीतर पाणी खालच्या छतातून ठिबकतं. आणि फोडणीआधी खिडकी उघडायची! आमच्या मित्रांकडे मी कौतुकाने पोहे करायला घेतले, मोहरी तडतडली मात्र, छतावरचा धुराचा भोंगा असा बोंबलायला लागला की वहिनी स्टुलावर चढून टॉवेल फडकवतायत आणि मी हातात झारा घेऊन थिजलेली. पोहे छान झाले होते, पण सगळे बधिर कानांनीच खाल्ले.

भेट म्हणून पेढे आणि साजूक तूप नको. दूधदुभतं आणि मांस भारतातून ब्रिटनमध्ये नेऊ देत नाहीत. मेतकूट, भाजणी, गोडा मसाला न्या. आमच्या वहिनी तर डबा हातात येताच वास घेतात.

रेल्वेचं सीनियर रेलकार्ड काढ, साठीच्या वरच्यांना बहुतेक तिकिटांवर एक तृतीयांश सूट मिळते. विम्याच्या फॉर्मवर बाबांची शुगर आणि बीपी लपवू नकोस. हप्ता वाढला तरी चालेल, पण न सांगितलेल्या दुखण्याचा दावा मान्य होणं कठीण. गोळ्या हातातल्या बॅगेत, चिठ्ठीसकट.

आईच्या गुडघ्याचं मात्र तू काहीच लिहिलं नाहीस. किल्ल्याचा रस्ता चढाचा आणि दगडी फरसबंदीचा आहे. कुठला गुडघा दुखतो, किती चालवतं, ते कळव. मग तक्त्यातला तो दिवस ठेवायचा की तोही बाकावर घालवायचा, ते ठरवू.

तुझ्या बाई